मागून धरलेलं चित्र

लिहिणारच नव्हतो हे. लोक म्हणतील, दुकान चालावं म्हणून सोडलेली पुडी आहे.

माझ्या चित्रांचं ऑनलाइन दुकान काढलं. आकार कळावा म्हणून चित्र कुणीतरी हातात धरलेला फोटो लागतो. माझा मित्र जाड्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि एकेक चित्र तोंडासमोर धरत गेला. फोटोत दोन्ही बाजूंना फक्त त्याची बोटं.

आज सगळ्यात मोठं चित्र विकलं गेलं. पहिलीच ऑर्डर! आता आई ‘नोकरी बघ’ म्हणायची थांबेल. खुशीत फोटो मोठा करून पाहिला, तर वरच्या कडेवरही बोटं होती.

जाड्याला फोन लावून विचारलं, वरची बोटं कुणाची?

“अरे, वरून तूच धरलं होतंस ना? म्हणून तर ते धूड हलकं लागलं.”

“येड्या, मी समोर होतो. कॅमेरा घेऊन.”

तो हळूच म्हणाला, “चित्र कुठंय आता?”

मी वळून पाहिलं. भिंतीला तिरकं टेकवलेलं चित्र सरळ उभं होतं, जमिनीपासून वीतभर वर. जाड्याला तसं सांगितलं.

“मी निघतोय. तोवर त्याच्या मागे बघायचं नाही. शब्द दे.”

“नाही बघणार,” मी म्हणालो. “पण लवकर ये.”