पाण्यातले देव

"दाब परत," सावळीराम म्हणाले.

भाग्यश्रीने बटण दाबलं. पडदा पांढरा झाला आणि चिनी अक्षरांची यादी हळूहळू वरून खाली उतरू लागली. ज्या नावात खिडकीसारखं अक्षर आहे तो आपला क्लब, एवढं सासऱ्यांना आता पाठ झालं होतं. आकडे तर सगळीकडे सारखेच.

"एक-एकच आहे, मामा."

"बरोबरी बी चालंल. एक गुण पायजे, बास."

मखमलाबाद नाक्यावरच्या या सायबर कॅफेत सासरा आणि सून मार्चपासून दर शनिवारी येत होते. समाधान, त्यांचा मुलगा आणि तिचा नवरा, या फुटबॉल क्लबच्या खेळाडूंना योगासनं शिकवायला चीनला गेला होता. क्लब गेल्या वर्षी पहिल्या दर्जातून दुसऱ्यात घसरलेला. यंदा परत वर गेला, तर समाधानचा करार तीन वर्षं वाढणार होता. नाही गेला, तर बाहेरून आणलेली माणसं महिनाअखेर घरी. आजचा सामना शेवटचा.

फुलबाजारात शेवंतीच्या क्रेटवर बसून सावळीरामांनी हे इतक्यांदा सांगितलं होतं, की व्यापारी भावाच्या आधी क्लबचे गुण विचारत. कुणीतरी त्यांचं नाव चायनावाले ठेवलं होतं. त्यांना ते आवडायचं.

भाग्यश्रीने कुणाला काही सांगितलं नव्हतं. तो गेला तेव्हा वेदिका रांगत होती. आता ती धावत होती आणि फोनच्या रिसीव्हरलाच बाबा म्हणत होती. दर शनिवारी बटण दाबताना भाग्यश्री मनातल्या मनात समोरच्या संघाचा आकडा वाढवून बघायची. क्लब मात्र जिंकत राहिला.

वीज गेली. भारनियमनाची वेळ झाली होती. पंखा थांबला. कॅफेवाल्या गोरक्षने इतरांना उठवलं आणि इन्व्हर्टरवर यांचं एक मशीन चालू ठेवलं. चायनावाल्यांचा क्लब वर गेला तर आपल्याला काय, असं त्याने विचारलं. सावळीरामांनी चहा कबूल केला.

"जातंय कुठं वर न जाऊन," ते म्हणाले. "हिच्या सासूनं सकाळधरनं देव पाण्यात घातलेत. उपाशी हाय ती."

भाग्यश्रीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. देव्हाऱ्यातले देव पाण्यात ठेवले, की मनासारखं होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. सकाळी घंगाळात पाणी तिनेच ओतलं होतं. ओतताना तिने देवांकडे बघितलं नव्हतं.

"दाब."

एक-एक.

"दाब."

यादी उतरली. खिडकीच्या अक्षरापुढे एक. पलीकडे दोन.

सावळीराम पुढे वाकले. चुकलं असेल, परत दाब, म्हणाले. तिने दाबलं. ते म्हणत राहिले आणि ती दाबत राहिली. शेवटी त्या ओळीचा रंग बदलला, म्हणजे सामना संपला. गोरक्ष आत जाऊन बसला.

परतताना सावळीरामांनी फुलवाल्यांची गल्ली टाळली. भाग्यश्री मुद्दाम दोन पावलं मागून चालत होती; तोंड दिसायला नको. मग तिकडे समाधान त्या हरलेल्या पोरांच्या घोळक्यात कसा बसला असेल ते तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि ती आणखी मागे पडली.

घरी सासूबाई, कुसाबाई, वेदिकाला मांडीवर घेऊन देव्हाऱ्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी नुसतं वर पाहिलं.

"हरले," सावळीराम दारातूनच म्हणाले. एक चप्पल अजून पायात होती. "येतंय पोरगं परत."

"नक्की?"

"नक्कीच म्हणायचं."

कुसाबाईंनी वेदिकाला खाली ठेवलं, पदर खोचला आणि घंगाळात हात घातला. बाळकृष्ण बाहेर काढून पुसला. मग खंडोबाचा टाक.

"अगं, हरले म्हणतोय मी," सावळीराम म्हणाले. "देव कशाला काढती?"

कुसाबाईंनी अन्नपूर्णा बाहेर काढून सुनेपुढे धरली. भाग्यश्रीने दोन्ही हात पुढे केले. मूर्ती गार होती, हातातून पाणी कोपरापर्यंत ओघळलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

आतल्या खोलीत फोन वाजायला लागला.

"त्याचाच असंल. जा, घे," कुसाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आन् आवाज जरा पडका ठेव."