वाघोबाची झाडं

गावच्या वनहक्क समितीची सुगंधा मोजणीचं यंत्र धरून जेठीआजीच्या पावलावर पाऊल टाकत होती. आजी जिथून चालेल, तीच तिच्या शेताची हद्द. चाळीस वर्षं कसलेली वनजमीन आता तिच्या नावावर होणार होती.

ओढ्यापाशी आजी अचानक आत वळली आणि शेंदूर लावलेल्या दगडाभोवतीची झाडं बाहेर ठेवून पुढे निघाली.

“आजी, एवढा तुकडा सुटला! तो सरकारचा राहील. उद्या इथून रस्ता काढला तर झाडं जातील.”

“ती वाघोबाची झाडं. माझ्या नावावर लावली तर मला खाईल तो!”

“मग त्याच्या नावावर लावू? त्याचं आधार कार्ड आहे का?”

आजी हसली, पण तिचा पाय काही पुढे पडेना. “तोडू देऊ नको गे, पोरी.”

सुगंधाने यंत्र थांबवलं. “या झाडांचा वेगळा दावा टाकू. अख्ख्या गावाच्या नावावर.”

“गावाच्या? भांडतील मेले जन्मभर,” आजी म्हणाली. “पण एक दुसऱ्याला फांदी तोडू देणार नाही. लाव.”