जाड चाकांची सायकल

या माउली, जरा जवळ सरका, शाल नीट ओढून घ्या. काकड्याला अजून वेळ आहे, तोवर थंडीतल्या एका सायकलची गोष्ट सांगतो.

साक्रीजवळच्या एका गावात देवचंद आबा नावाचे टाळकरी. पौषातला सप्ताह नदीपलीकडच्या मंदिरात, आणि मधे नुसती वाळू. जुन्या सायकलचं चाक तीत रुतायचं. भर थंडीत उतरून ढकलता ढकलता आबांची बोटं लाकडासारखी व्हायची. म्हणून जळगावला नोकरीत असलेल्या त्यांच्या मुलानं, हितेंद्रनं, ही जाड टायरची सायकल आणून दिली.

"सप्ताहभर चालवून पाहा, आबा. हिवाळ्याला जमली तर ठेवू, नाहीतर दुकानदार परत घेईल. कॅरिअर तेवढं हिला बसत नाही. तुम्ही एकटेच जाता ना?"

"हो," आबा म्हणाले.

खरं तर जुन्या सायकलच्या कॅरिअरवर अभिमन नाना बसायचे. नानांना दिसत नसे, पण काकड्याचा पहिला अभंग त्यांच्याच गळ्यातला. सायकल गल्लीत शिरली की मडगार्डची खडखड ऐकून ते पायरी उतरायचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा नवी सायकल घेऊन निघाले. नाना दारातच उभे होते. अंगावर गोधडी, कान गल्लीच्या तोंडाकडे. सायकल धुळीवरून मांजरासारखी गेली. आबांचा अंगठा घंटीवर होता. त्यांनी ती वाजवली नाही. उद्या सांगू नानांना, असं मनाशी म्हणाले.

वाळूत चाक रुतलं नाही. उतरावं लागलं नाही. मंदिरात विणेकऱ्यानं विचारलं, "नाना कुठे?"

"थंडी भलती आहे. उठले नसतील."

पहिला अभंग आबांनीच उचलला. दुसऱ्या चरणालाच गळा बसला.

परतताना ऊन पडलं होतं. नाना अजून पायरीवरच बसलेले, हातात टाळ. आबांना पुढं जाववेना. खाली उतरून त्यांनी हाक मारली, "नाना."

"देवचंद?" नानांचा चेहरा उजळला. चाचपडत ते जवळ आले. "बरा शे ना रे तू? आज सायकल वाजनी नही. माले वाटनं, तू आजारी शे. मंग मी आठेच, पायरीवर, काकडा म्हना. देवले सांगं, मना देवचंदले बरं कर."

बोलता बोलता त्यांचा हात सवयीनं सीटमागे गेला, कॅरिअर धरायला. तिथं काहीच नव्हतं. हात खाली घसरला, त्या जाड टायरवर टेकला, क्षणभर थांबला. मग नानांनी तो मागे घेऊन गोधडीत घातला. म्हणाले, "थंडी शे. घर जाय, चहा ले."

दुपारी हितेंद्रचा फोन आला. "काय आबा, चालली का वाळूत?"

"चालली. झकास चालली."

"मग ठेवायची ना?"

आबा भिंतीला टेकवलेल्या जुन्या सायकलकडे बघत राहिले.

"परत ने रे," ते म्हणाले. "मी एकटा जात नाही."

तर माउली, आता टाळ हातात घ्याल, तेव्हा पहिल्या अभंगाला पायरीवरच्या अभिमन नानांची आठवण करा. आणि घंटीवर अंगठा ठेवून पुढं गेलेल्या आमच्या आबांनाही विसरू नका.