चांद्याची वेसण

काळुरामचा बैल, चांद्या, खाडीत बुडाला हे कोपरीत कुणी मानलंच नाही. दारूपायी विकला असेल, म्हणत सगळे.

त्रेपन्न सालच्या पाडव्याला भरतीच्या वेळी काळुरामनं मिठागराचं दार उघडलं, तर पाण्याबरोबर पाकटांचा कळप आत शिरला. मासे चपटे, तोंडं मात्र थेट गुरांची.

पुढच्याच्या नाकात काळी-तांबडी वेसण होती. दर पाडव्याला काळुराम स्वतःच्या हातानं वळायचा, तीच.

"आता बोला," तो बांधावर जमलेल्या गावकऱ्यांना म्हणाला. छाती काढून त्यानं हाक दिली, "चांद्या, ये रे."

अख्खा कळप वळला. वेसणी सगळ्यांच्याच नाकांत होत्या, आणि बांधावरच्या एकेकानं आपापली ओळखली.

"आमचे बैल तर घरी बांधलेत," पंढरी पुटपुटला.

"जा की," काळुराम हसला, "बघून या."