तळचा कांदा

बाबासोच्या दारात चप्पल काढतानाच रणजीतने आतला आवाज ओळखला. गेले तीन दिवस तोच आवाज त्याच्याही कानात होता. रोज सकाळी शेअर बाजार उघडला, की ते सर मोबाइलवर येत, वरखाली होणारा आलेख दाखवत आणि शेकडो माणसांना एकदम सांगत, आता घ्या, आता विका. त्याला ते लाइव्ह रूम म्हणत. तीन दिवस फुकट, मग वर्षाची फी एकरकमी. फुकटचे दिवस काल संपले होते.

फी भरावी की नाही, हे ठरवायलाच रणजीत कोपरखैरण्याला आला होता, तोही न कळवता. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात त्याने आयुष्यभर गोण्या वाहिल्या. वरचे कांदे बघून भाव करणारा व्यापारी त्याने कधी पाहिला नव्हता. जो तो कोपरापर्यंत हात घालून तळचा कांदा काढी आणि मगच तोंड उघडी. सरांच्या रूममधला वरचा माल तर झकास होता. माणसं सारखी लिहीत, सर देवमाणूस, सर तुमच्यामुळे घर उभं राहिलं. लिहिणाऱ्यांत बाबासोही होता, गावच्या भैरोबाच्या देवळापुढचा फोटो लावून. एका गावचा, हमालांच्या एका टोळीतला, पाठीला पाठ लावून राबलेला माणूस खोटं कशाला लिहील? तरी एकदा हात घालून बघावा म्हणून तो आला.

खरं सांगायचं तर तळचा कांदाही चांगलाच निघावा, अशी त्याची फार इच्छा होती. त्याच्या मणक्यातली चकती सरकली होती. यापुढे पाण्याची कळशीसुद्धा उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुकादमाने थोडे दिवस वाट पाहिली आणि टोळीत त्याच्या जागी दुसरा घेतला. वॉचमनची नोकरी धरली, तर दिवसभर उभं राहणं जमेना. फंडाचे पैसे हातात आले होते, पण ते शेवटचे. लेकीचं, ज्ञानेश्वरीचं, कॉलेज आणि सरांची रूम या दोन्हींना ते पुरणारे नव्हते. बसल्या जागी चार पैसे देणारी ही एवढीच जागा त्याला दिसत होती, आणि जीव नुसता टांगणीला लागला होता.

दार बाबासोच्या बायकोने, राहीबाईने उघडलं. त्याला बघून तिचा चेहरा उतरला, तरी तिने आत बोलावलं. बाबासो खाटेवर दोन मोबाइल घेऊन बसला होता. एकावर सर बोलत होते, दुसऱ्यावर त्याची बोटं चालली होती. रणजीतला पाहून तो दचकला, पण उठला नाही.

सरांनी सांगितलं, आता घ्या. रणजीत डोळ्यांत तेल घालून बघू लागला. बाबासोने काहीच घेतलं नाही. दुसऱ्या मोबाइलवर कुणीतरी त्याला एक चित्र पाठवलं. त्यात हिरव्या अक्षरांत नफ्याचा आकडा आणि वर बाबासोचं नाव होतं. सरांनी अजून विकायचं नाव काढलं नव्हतं आणि नफा येऊन पोचलाही होता. सर "विका" म्हणेपर्यंत बाबासो थांबला. मग ते चित्र त्याने रूममध्ये टाकलं आणि खाली लिहिलं, सर, आजचा दिवस सोन्याचा.

रणजीतच्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या. बाहेर पडला तो एवढासा आवाज.

"तुझं खातं कुठाय?"

"दिवाळीतच बुडालं," बाबासो मान खाली घालूनच म्हणाला.

मग त्याने सगळं सांगून टाकलं. फंड गेला, राहीबाईच्या पाटल्या गेल्या. सरांच्या सानपाड्याच्या ऑफिसात जाऊन तो पायरीवर बसून रडला. तिथल्या बाईने पाणी दिलं आणि हे काम दिलं. चित्रं त्यांनी पाठवायची, याने टाकायची. आपल्या गावाकडच्या बोलीत लिहायचं, म्हणजे लोकांना खरं वाटतं. महिन्याचं रेशन त्यातून निघत होतं.

"आन माझ्यासारखा कोण तुझं नाव बघून आत आला, तर?"

राहीबाईच म्हणाली, "त्याचं येगळं पैसं मिळत्यात, भावजी. तुमी त्यात येऊ ने म्हणून मी देवाला हात जोडलं व्हतं."

तेवढ्यात रूममध्ये नवीन नाव आलं. जासईची कुणी राजलक्ष्मी होती. नवरा अंथरुणाला खिळलाय, फी भरली तर खरंच फायदा होतो का, कुणीतरी खरं सांगा, असं तिने लिहिलं होतं. बाबासोचा अंगठा क्षणभर अडला. मग त्याने लिहिलं, ताई, बिनघोर भरा. रणजीतला त्याचा हात धरावासा वाटला. त्याने धरला नाही.

तो उठला आणि दारात जाऊन त्याने एका पायात चप्पल सरकवली. फंड वाचला होता. ज्ञानेश्वरीचं हे वर्ष निघणार होतं. पुढच्या वर्षीची कॉलेजची फी मात्र कुठूनच येणार नव्हती, आणि घरी जाऊन भिंतीकडे बघत पडायचं तेवढं उरलं होतं. दुसरी चप्पल त्याने घातलीच नाही. राहीबाई त्याच्याकडे बघत होती, म्हणून त्याने तिच्याकडे पाठ केली.

"बाबासो," तो म्हणाला, "लिव्हायला त्यास्नी आनखी माणसं लागत्यात का? बसून जमंल मला."