फुंकर

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरच्या आरशावर मैद्याची पांढरी रेघ ओढली, कोकेनची नक्कल. माझ्या भावाच्या व्यसनाची आठवण मुद्दाम जागी करायची आणि ती पुन्हा झोपण्याआधी गोळी देऊन तिचे दात पाडायचे, असा त्यांचा उपचार. पहिल्यांदा रेघ बघूनच त्याला दरदरून घाम फुटला होता. आज शेवटची परीक्षा, बोटाला नाडी मोजायचं यंत्र लावून. नाडी उसळली तर घरी जाणं रद्द. भरलेली बॅग मी छातीशी धरली. तो आरशाला नाक टेकेपर्यंत वाकला. त्यानं गाल फुगवले आणि जोरात फुंकर मारली. डॉक्टरीणबाई भुवयांपर्यंत पांढऱ्या! "सॉरी मॅडम, तोंड दिसत नव्हतं." आरशात बघत त्यानं हनुवटी चाचपली. "ताई, ही दाढी बघून आई दारात तरी उभं करेल?" मॅडमनी चष्मा पुसून यंत्र पाहिलं. नाडी शांत. "न्या यांना घरी. पण आधी सलूनमध्ये."