चोचीचा चंबू

"अहो, एक घोट तरी घ्या ना!" मी स्वतः पिऊन दाखवलं आणि बाटली ह्यांच्या ओठांशी नेली. ह्यांनी तोंड घट्ट मिटलं. चाळीस वर्षं माझ्या कपातला उरलेला चहा संपवणारा हा माणूस! सकाळपासून उन्हात डोंगर चढत होतो, ह्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. स्पेन पायी बघायचं वेड ह्यांचंच; बुकिंग केलं आणि ह्यांच्या आठवणी पुसट होत गेल्या.

दुपारी द्राक्षमळ्यात जेवण मांडलं होतं. चीज, ऑलिव्ह, भाजलेल्या लाल मिरच्या. आमच्या गटाच्या गाईड मुलीने लांब चोचीचा काचेचा चंबू फिरवला. तो उंच धरून वाइनची धार तोंडात सोडायची, ओठ लावायचे नाहीत. सगळ्यांचे शर्ट भिजले. ह्यांची नजर मात्र चंबूवर खिळली.

मी तो हिसकावलाच. वाइन मातीत ओतली, पाणी भरलं आणि ह्यांच्या हातात दिला. गाईड बघतच राहिली.

मान मागे टाकून, गावाकडे तांब्याने वरून पीत तसे, हे गटागटा प्यायले. थेंब सांडला नाही. मला रडू फुटलं.

ह्यांनी संकोचून चंबू माझ्यापुढे धरला.

"घ्या, ताई. उष्टं नाही केलेलं."